मान हलवलेली ऐकू येत नाही

माझं काम एवढंच :
लाल बटण दाबायचं, वेळ टिपायची,
आणि सुरुवातीलाच सांगून ठेवायचं,
बाई, मान हलवलेली ऐकू येत नाही,
हो की नाही ते तोंडाने म्हणा.

केंटकीच्या डोंगरातलं गाव.
ही खोली पूर्वी बुटांचं दुकान होती,
भिंतीवर फळ्यांच्या खुणा अजून आहेत.
न्यायाधीश पडद्यावर, दुसऱ्या शहरातून.
समोर व्हर्लीन स्टिडम,
वय एकोणपन्नास वर्षं आठ महिने.
आणखी चार महिन्यांनी म्हातारी असतीस
तर तक्त्यातला रकाना बदलला असता,
वकील तिच्या कानात म्हणाला.
(माइकने तेही ऐकलं.)

एकोणीस वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात
पंख कापले त्या हातांनी.
आता सगळी बोटं एकाच बाजूला वळलेली,
दारातून कुणी हाक मारल्यासारखी.
फायलीत आजाराचं नाव दीड ओळीचं.
तिच्या माहेरी त्याला नुसतं आर्थर म्हणायचे :
आर्थर आलाय मुक्कामाला,
आर्थरला आज थंडी बाधली.

दहा पौंड उचलता का?
"नातू नऊ पौंडांचा झालाय.
मांडीवर ठेवा म्हणते.
मग सगळे खोलीतून गेले की घाबरते."

भांडी घासता?
"एक ताट. मग बसते. मग दुसरं."

आजचा दिवस कसा आहे?
"चांगला. म्हणून तर आले.
वाईट दिवशी मी तुम्हाला दिसणारच नाही, साहेब."

१०.४१. टिपलं.
मला वाटलं, इथेच थांबावं सगळ्यांनी.
पण टेबलावर माइक चार :
न्यायाधीश, दावेदार, वकील, तज्ज्ञ.
माझ्या वाटण्याला तार जोडलेली नाही.

तज्ज्ञ फोनवर. कामधंद्यांचे जाणकार,
मऊ आवाज, मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.
समजा, न्यायाधीश म्हणाले, एक माणूस आहे.
हा माणूस रोज येतो आमच्याकडे.
त्याला नाव नसतं, गाव नसतं,
तो सहा तास बसू शकतो,
हात अधूनमधून वापरतो,
महिन्याला एकच खाडा करतो
आणि रात्री त्याला कोणी कण्हताना ऐकलेलं नाही.
अशा माणसाला या देशात काम मिळेल?

मिळेल.
अक्रोड निवडणे.
पट्ट्यावरून अक्रोड जातात, खराब ते बाजूला काढायचे.
देशभरात अशा जागा अमुक हजार.
आकडा त्यांनी सुटे पैसे मोजावेत तसा सांगितला.
ज्या पुस्तकातून ते बोलतात ते फार जुनं आहे,
त्यातली माणसं अजून त्याच स्टुलांवर बसून
निवडताहेत, निवडताहेत.

व्हर्लीन हसली.
हसणं रेकॉर्डवर येतं.
"अक्रोड? आमच्या परसात काळ्या अक्रोडाचं झाड आहे.
लहानपणी आम्ही ते रस्त्यावर पसरायचो,
गाड्या वरून गेल्या की सालं निघायची.
नाताळापर्यंत हात काळे, शाळेत मार.
त्या कारखान्याचा पत्ता द्या मला,
आत्ता जाते इथून."

वकिलाने तिच्या बाहीला हात लावला.
फोनवर कुत्रं गप्प झालं होतं.
पत्ता विचारायची इथे पद्धत नाही.

निकाल टपालाने जातो.
कुणाच्या घरी काय गेलं ते मला कधी कळत नाही,
बाजारात कुणी दिसलं तर मी दुसऱ्या गल्लीत वळते.

११.१२ ला न्यायाधीशांनी कामकाज संपवलं.
पडदा निळा झाला.
मी लाल बटण बंद करायला विसरले.
खोटं कशाला बोलू, विसरले नव्हते.

ती कोटाची बटणं लावत होती.
यंत्राने ऐकलं : खुर्ची. श्वास.
प्लास्टिकवर नख, पुन्हा नख.
पहिलं लागलं.
दुसऱ्यापाशी ती थांबली,
वकिलाकडे पाहिलं, तो फोनमध्ये होता,
मग माझ्याकडे पाहून
मान हलवली.

मी उठले.

नोंदवहीत एवढंच आहे :
११.१२ ते ११.१६. संभाषण नाही.